रोजच्या जगण्यातून आत्मिक बोध कसा घ्यावा: पाहण्यापासून आज्ञापालनापर्यंतची वाट

बायबलमधील नीतिसूत्रांच्या २४व्या अध्यायाच्या शेवटी, ३० ते ३४ या वचनांत, एक लहानसा प्रसंग आहे. एक माणूस एका आळशी मनुष्याच्या शेतावरून आणि द्राक्षमळ्यावरून चालला आहे. सगळीकडे काटेरी झुडपे माजली आहेत, जमीन दिसेनाशी झाली आहे आणि दगडी कुंपण ढासळले आहे. तो थांबून पाहतो, त्यावर नीट विचार करतो आणि मग त्यातून शिकतो. येथे स्वप्न, दर्शन किंवा देवदूत यांपैकी काहीही नाही. आहे ते फक्त एक दुर्लक्षित शेत आणि ते लक्षपूर्वक पाहणारे डोळे. तरीही हा प्रसंग पवित्र शास्त्राचा भाग झाला आहे, आणि रोजच्या जगण्यातून शिकू इच्छिणाऱ्या प्रत्येक विश्वासणाऱ्याला याहून चांगला नमुना सापडणे कठीण आहे.

या प्रसंगातील क्रम लक्षात घेण्यासारखा आहे: जाणे, पाहणे, विचार करणे आणि शिकणे. आपल्यापैकी बहुतेकजण पहिल्यावरून थेट चौथ्यावर जातात. काही घडले रे घडले की त्यावर एखादे परिचित वाक्य ठेवून आपण पुढे सरकतो, आणि ते वाक्य खरे असले तरी ते आपल्याला आधीपासून ठाऊक असल्यामुळे त्या दिवसाने आपल्याला नवे काहीच शिकवलेले नसते. म्हणून या लेखातील सारा भर मधल्या दोन टप्प्यांवर आहे. बोध चांगला निघतो तो बहुधा सावकाश निघतो, वचनाच्या कसाला लागून निघतो आणि आधी स्वतःला लागू होतो.

पाया: वचन आधी, अनुभव नंतर

देव सामान्य गोष्टींतून शिकवतो, याला शास्त्रात भरपूर आधार आहे. यिर्मयाला परमेश्वराने कुंभाराच्या घरी जायला सांगितले आणि तेथे आपली वचने ऐकवीन असे म्हटले (यिर्मया १८). संदेष्टा गेला, चाकावर बिघडलेले भांडे कुंभाराने पुन्हा नव्याने घडवताना त्याने पाहिले, आणि त्यानंतरच वचन त्याच्याकडे आले. आमोसाला भिंतीला लावलेला ओळंबा दिसला (आमोस ७). स्वतः प्रभू येशूने हरवलेले नाणे, पिठात मिसळलेले खमीर, जुन्या वस्त्राला लावलेले नवे ठिगळ, मध्यरात्री दार ठोठावणारा मित्र आणि बाजारात खेळता खेळता रुसून बसलेली मुले यांच्याविषयी सांगितले. लूक म्हणतो की त्याने सेवेला आरंभ केला तेव्हा तो सुमारे ३० वर्षांचा होता. त्याआधीची वर्षे नासरेथातील एका सुताराच्या कष्टाच्या घरात गेली होती, आणि त्याच्या दाखल्यांत घर, शेत व बाजार इतक्या बारकाईने उतरले आहेत ते काही योगायोगाने नव्हे, असे मला मनापासून वाटते.

तरीही अनुभव हा वचनाच्या जागी बसत नाही. जॉन कॅल्विन या १६व्या शतकातील धर्मसुधारकाने दिलेली उपमा येथे उपयोगी पडते. अधू दृष्टीच्या वृद्ध माणसापुढे सुंदर ग्रंथ ठेवला, तर तेथे काही लिहिलेले आहे एवढे त्याला कळते, परंतु चष्मा लावल्यावरच तो नीट वाचू लागतो. पवित्र शास्त्र हा तसा चष्मा आहे. सृष्टी आणि रोजचे प्रसंग बोलतात, हे १९वे स्तोत्रही सांगते. मात्र ते काय बोलतात हे आपल्याला वचनामुळे स्पष्ट दिसते. म्हणून या सरावाची पूर्वतयारी एकच आहे: रोजचे शास्त्रवाचन, तेही एखाद्या पुस्तकाचे सलग. ज्याच्या मनात वचनाचा साठा नाही, त्याला प्रसंगातून स्वतःचाच आवाज ऐकू येण्याचा धोका अधिक असतो.

पहिली पायरी: निकाल न देता पाहणे

मार्क १२:४१ मध्ये एक बारीक तपशील आहे. येशू मंदिराच्या दानपेटीसमोर बसला आणि लोक त्यात पैसे कसे टाकतात हे पाहत होता. तेथे पुष्कळ श्रीमंतांनी पुष्कळ टाकले. पण त्याची नजर दोन लहान नाणी टाकणाऱ्या गरीब विधवेवर गेली. तिला पाहता येण्याआधी तो तेथे बसला होता, ही गोष्ट आपण सहसा वाचून सोडून देतो.

आपल्यासाठी याचा व्यवहारातील अर्थ असा की दिवसातून एकच प्रसंग निवडावा आणि तो पुरेसा पाहावा. प्रसंग मोठा असण्याची गरज नाही: रांगेत गेलेला वेळ, हरवलेली किल्ली, मुलाने तिसऱ्यांदा विचारलेला तोच प्रश्न, आजाऱ्याची चादर बदलताना त्याने वळवलेले तोंड, उत्तर न आलेला संदेश. संध्याकाळी दहा मिनिटे शांत बसून त्या प्रसंगाची नोंद तीन-चार वाक्यांत करावी, आणि त्या नोंदीत निकाल देणारे शब्द येऊ देऊ नयेत. ‘तो उर्मटपणे वागला’ हा निकाल आहे. ‘मी बोलत असताना त्याने फोन उचलला आणि बाहेर गेला’ हे निरीक्षण आहे. पहिले वाक्य लिहिले की विचार तेथेच संपतो. दुसरे लिहिले की प्रश्न उभे राहतात: तो फोन कोणाचा असेल, मी त्या वेळी काय बोलत होतो, मला एवढे का लागले?

दिवसाची उजळणी करण्याची जुनी आणि कसाला उतरलेली एक पद्धत जेजुइट या कॅथलिक संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी १६व्या शतकात मांडली. तिचे पाच टप्पे आहेत: देवाचे आभार मानणे, स्वतःला खरे पाहता यावे म्हणून कृपा मागणे, दिवसाचा तासातासाने आढावा घेणे, चुकांची क्षमा मागणे आणि देवाच्या साहाय्याने सुधारणेचा निश्चय करणे. ही पद्धत कॅथलिक परंपरेतून आली असली तरी इतर मंडळ्यांतील विश्वासणाऱ्यांनीही तिचा उपयोग करायला हरकत नाही, कारण तिच्यातील प्रत्येक टप्पा स्तोत्रांच्या प्रार्थनेत सापडतो. आभार पहिल्या क्रमांकावर आहेत, हे मात्र बदलू नये. तक्रारीपासून सुरू केलेली उजळणी बहुधा तक्रारीतच अडकते.

दुसरी पायरी: प्रसंगाला प्रश्न विचारणे

इग्नेशियस स्वतः या मार्गावर कसे आले हे जाणून घेण्यासारखे आहे. १५२१ मध्ये स्पेनमधील पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय जायबंदी झाल्यावर त्यांना अनेक महिने अंथरुणावर पडून राहावे लागले. कधी ते शौर्य आणि मानमरातबाची स्वप्ने रंगवीत, तर कधी ख्रिस्ताचे व संतांचे चरित्र वाचून त्यांच्यासारखे जगण्याचा विचार करीत. दोन्ही विचार चालू असताना आनंद देत. परंतु पहिले ओसरल्यावर मन कोरडे पडे आणि दुसऱ्यांनंतर शांती टिकून राही. हा फरक त्यांच्या लक्षात आला, आणि त्या लक्षात येण्यानेच त्यांचे जीवन वळले. एखाद्या प्रसंगानंतर मनात काय मागे उरले, हा प्रश्न म्हणूनच फार मोलाचा आहे.

आणखी काही प्रश्न नेहमी विचारावेत. त्या क्षणी मला नेमके काय हवे होते? मला कशाची भीती वाटली? कोणाच्या नजरेत मी चांगला ठरावा असे मला वाटत होते? ज्याकडे माझे लक्ष गेले नाही अशी कोणती कृपा त्या प्रसंगात होती? शेवटच्या प्रश्नाला मी विशेष वजन देतो, कारण आत्मपरीक्षणाच्या नावाखाली केवळ स्वतःभोवती फिरत राहणे फार सोपे असते. १७व्या शतकात पॅरिसमधील कार्मेलाइट मठाच्या स्वयंपाकघरात राबणारे ब्रदर लॉरेन्स यांच्याविषयी सांगतात की अठराव्या वर्षी हिवाळ्यात त्यांनी एक निष्पर्ण झाड पाहिले, त्याला पुन्हा पाने, फुले आणि फळे येतील असा विचार त्यांच्या मनात आला, आणि त्यातून देवाच्या सामर्थ्याची व तरतुदीची जी जाणीव त्यांना झाली ती आयुष्यभर टिकली. त्या क्षणी त्यांचे लक्ष स्वतःवर नव्हते. काही प्रसंग आपल्या पापाविषयी शिकवतात, तर काही केवळ देव कसा आहे हे दाखवतात. दुसऱ्या प्रकारच्या प्रसंगांतून ओढूनताणून स्वतःचा दोष काढत बसू नये.

तिसरी पायरी: प्रसंग वचनापुढे ठेवणे

येथे एक सविस्तर उदाहरण घेऊ. समजा, एका बैठकीत आपण महिनाभर खपून केलेल्या कामाचे कौतुक झाले, पण ते सहकाऱ्याच्या नावावर. सहकारी क्षणभर थांबला, त्याने आपल्याकडे पाहिले, काही बोलला नाही, आणि पुढचा विषय सुरू झाला. आपण हसून मान हलवली आणि नंतर दिवसभर त्याच्याशी बोललो नाही. एवढे निरीक्षण. प्रश्न विचारल्यावर कदाचित असे दिसेल की यात पैशाचे किंवा पदाचे नुकसान झालेले नाही. जे लागले आहे ते एवढेच की आपण केलेले कोणाला कळले नाही.

घाईने काढलेला बोध येथे तयारच असतो: ‘देव मला नम्रता शिकवत आहे.’ तो खोटा असेलच असे नाही, परंतु तो शोध थांबवतो. शास्त्र उघडल्यावर पहिल्यांदा मत्तय ६:१–४ आठवते, जेथे गुप्तपणे पाहणारा पिता आहे. मात्र हा उतारा सलग वाचला की लक्षात येते की येथे विषय दानधर्माचा आहे, पुढे प्रार्थनेचा आणि उपासाचा आहे, आणि येशू देवभक्तीच्या देखाव्याविषयी बोलत आहे. आपल्या कामाबद्दल कधीच सत्य सांगू नये, असा त्याचा अर्थ होत नाही. उलट, प्रेषितांची कृत्ये १६:३७ मध्ये फिलिप्पै येथील अधिकारी पौलाला चौकशीविना फटके मारून मग गुपचूप सोडू पाहतात, तेव्हा त्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे असा आग्रह पौल धरतो. अन्याय झाला असेल तर तो शब्दांत मांडण्याला देवभक्ती आड येत नाही. आणि मत्तय १८:१५ मध्ये येशू मंडळीतील भावाच्या अपराधाविषयी बोलताना आधी एकांतात त्याच्याकडे जायला सांगतो. त्यातील शहाणपण कामाच्या ठिकाणीही लागू पडते.

आता जो बोध हाती येतो तो आधीच्या वाक्यापेक्षा पुष्कळ नेमका आहे. माणसांनी पाहावे ही भूक पित्याच्या पाहण्याने शमली पाहिजे, ही एक गोष्ट. सहकाऱ्याशी धरलेला अबोला हा माझा अपराध आहे, त्याचा नव्हे, ही दुसरी. त्याच्याशी एकट्याने, कडवटपणाविना, खरे बोलणे हे माझ्यापुढचे काम आहे, ही तिसरी. तीनही गोष्टी वेगवेगळ्या उताऱ्यांना एकमेकांशेजारी ठेवल्यामुळे दिसल्या. म्हणून नियम असा ठेवावा की एखादे वचन आठवले तर त्याचा पूर्ण परिच्छेद वाचावा, आणि शक्य असल्यास तोच विषय दुसऱ्या बाजूने मांडणारा आणखी एक उतारा शोधावा. बिरुयातील लोकांनी पौलाचे बोलणे सुद्धा शास्त्राशी रोज ताडून पाहिले (प्रेषितांची कृत्ये १७:११); मग आपण आपल्या मनातील विचार न तपासता कसे स्वीकारावेत?

चौथी पायरी: चुकीचा बोध ओळखणे

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, असा माझा आग्रह आहे, कारण चुकीच्या बोधाने स्वतःला आणि इतरांना झालेली इजा लवकर भरून येत नाही.

प्रेषितांची कृत्ये २८ मधील प्रसंग पाहा. जहाज फुटल्यानंतर पौल माल्टा बेटावर पोहोचतो, शेकोटीसाठी काटक्या गोळा करतो आणि उष्णतेने बाहेर पडलेला विषारी साप त्याच्या हाताला लटकतो. बेटावरचे लोक म्हणतात, हा खुनी असला पाहिजे; समुद्रातून वाचला तरी न्याय याला जगू देत नाही. पौलाला काहीच होत नाही हे पाहिल्यावर तेच लोक म्हणतात, हा देव आहे. त्यांचे निरीक्षण दोन्ही वेळा बरोबर होते आणि निष्कर्ष दोन्ही वेळा चुकला, कारण त्यांनी आधीच तयार असलेला नियम घटनेवर लादला. संकट म्हणजे शिक्षा आणि सुटका म्हणजे मोठेपण, हा नियम आजही आपल्या बोलण्यात सहज डोकावतो.

येशूने तो दोनदा स्पष्टपणे नाकारला. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक अपराधी होती काय, असे विचारून त्याने ‘नाही’ असे उत्तर दिले आणि ऐकणाऱ्यांचे लक्ष त्यांच्या स्वतःच्या पश्चात्तापाकडे वळवले (लूक १३:४–५). जन्मांध मनुष्याविषयी, पाप याने केले की याच्या आईबापांनी, असे शिष्यांनी विचारल्यावर त्याने दोन्ही पर्याय बाजूला सारले (योहान ९:१–३). सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ काही न बोलता बसले, तोवर ते खरे मित्र होते. बोलू लागल्यावर त्यांनी त्याच्या दुःखातून जे धडे काढले, त्यांच्याविषयी देवाने शेवटी नापसंती व्यक्त केली. म्हणून दुसऱ्याच्या दुःखातून त्याच्यासाठी बोध काढू नये. हा नियम मी अपवादाविना पाळण्याजोगा मानतो.

दुसरा धोका सोयीच्या परिस्थितीला देवाची इच्छा समजण्याचा. एन-गेदीच्या गुहेत दावीदाच्या जिवावर उठलेला राजा शौल त्याच्याच हाती सापडला, तेव्हा दावीदाच्या माणसांनी, परमेश्वराने सांगितलेला दिवस तो हाच, असे त्याला म्हटले (१ शमुवेल २४). संधी होती, साक्षीदार होते, धार्मिक भाषाही होती. दावीदाने फक्त झग्याचा काठ कापला आणि तेवढ्यानेही त्याचे मन त्याला खाऊ लागले. योना देवापासून पळून यापोला गेला, तर तार्शीशला जाणारे जहाज त्याला तेथे मिळाले. भाडे देऊन तो निघालाही. दार उघडे असणे हा स्वतःपुरता पुरावा होत नाही.

बोध पारखण्यासाठी पुढील प्रश्न पुरेसे पडतात. हा बोध शास्त्राच्या कोणत्याही स्पष्ट शिकवणीच्या विरुद्ध जातो काय? यातून माझा फायदा होत नसता, तरी मला तो खरा वाटला असता काय? देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती करण्याकडे तो मला नेतो काय? आणि तो बोट कोणाकडे दाखवतो? नाथान संदेष्ट्याने सांगितलेल्या गोष्टीतील, गरिबाची एकुलती मेंढी हिरावणाऱ्या श्रीमंत मनुष्यावर दावीद संतापला, आणि तो मनुष्य आपणच आहोत हे त्याला सांगावे लागले (२ शमुवेल १२). ज्या बोधात दोषी नेहमी दुसराच असतो, तो पुन्हा तपासावा. तसेच जो बोध केवळ चिरडतो आणि ख्रिस्तातील क्षमेपर्यंत पोहोचत नाही, तोही अपुरा आहे. जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही, हे रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायाचे पहिलेच वाक्य आहे. ज्यांना प्रत्येक लहान घटनेत भीतिदायक संकेत दिसू लागतात आणि त्यामुळे झोप किंवा कामकाज बिघडते, त्यांनी हा सराव काही काळ थांबवावा आणि आपल्या पाळकांशी, तसेच गरज असल्यास डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे.

स्वतःच्या ताज्या शोकातही बोध शोधण्याची घाई करू नये. ८८वे स्तोत्र अंधारातच संपते. त्याला शेवटी कोणताही धडा जोडलेला नाही, आणि तरीही ती प्रार्थना आहे. मरण पावलेल्या आपल्या मित्राला, लाजराला, आपण उठवणार आहोत हे ठाऊक असूनही येशू रडला. अशा दिवसांत स्तोत्रकर्त्याबरोबर विलाप करणे हाच विश्वासाचा सराव असतो.

पाचवी पायरी: एक लहान आज्ञापालन

याकोबाच्या पत्रात केवळ ऐकणाऱ्याला आरशात तोंड पाहून निघून जाणाऱ्या आणि आपण कसे होतो हे लगेच विसरणाऱ्या मनुष्यासारखे म्हटले आहे. म्हणून प्रत्येक बोधापुढे एक कृती लिहावी, आणि ती लहान, स्पष्ट व वेळ ठरवलेली असावी. ‘मी अधिक प्रेमळ होईन’ ही कृती नव्हे. वरच्या उदाहरणात कृती अशी होईल: उद्या काम सुरू होण्याआधी त्या सहकाऱ्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करणे, आणि दुपारपर्यंत त्याला एकटे गाठून, आदल्या दिवशीचा अबोला आपला होता हे कबूल करून, कामाविषयीचे सत्य एका वाक्यात सांगणे. त्याचा प्रतिसाद काय असेल हे आपल्या हातात नाही. कृतीचे यश त्यावर मोजू नये.

काही दिवस असे जातील की बोध असा काही हाती लागणार नाही. त्याची चिंता करू नये. देवाने निर्माण केलेले सर्व चांगले आहे आणि उपकारस्तुतीने स्वीकारण्याजोगे आहे, असे पौल तीमथ्याला लिहितो. पोटभर हसण्यातून किंवा गाढ झोपेतून धडा काढण्याची गरज नसते, त्यांच्याबद्दल आभार मानले की पुरे.

सहावी पायरी: जपणे आणि वाटून घेणे

नोंदीसाठी साधी वही चालते. तारीख, प्रसंग, शास्त्रभाग आणि कृती एवढे लिहिले की काम भागते. लांब लिहिण्याने सातत्य तुटते. महिन्यातून एकदा मागची पाने वाचावीत, कारण एकेकट्या दिवशी न दिसलेल्या गोष्टी, उदाहरणार्थ तोच राग पुन्हा पुन्हा किंवा तीच कृपा वेगवेगळ्या माणसांच्या हातून, तेव्हाच दिसू लागतात. आधी काढलेला एखादा बोध आता चुकीचा वाटला तर तो खोडून न टाकता शेजारी नवी नोंद करावी.

मुलांबरोबर हा सराव करताना अनुवाद ६:७ आठवावे: घरी बसलेले असता, वाटेने चालत असता, निजताना आणि उठताना बोलावे. मात्र आधी प्रश्न त्यांच्याकडून येऊ द्यावा. यार्देन नदीतून काढलेले १२ दगड गिलगाल येथे उभे केले, ते मुलांनी पुढे कधीतरी ‘हे दगड काय आहेत’ असे विचारावे म्हणून (यहोशवा ४). मुलाने विचारले नसताना प्रत्येक घटनेवर दिलेले प्रवचन त्याला घटनेपासून आणि वचनापासूनही दूर नेते.

सहभागितेत अनुभव सांगताना प्रसंग थोडक्यात सांगावा, त्यातील इतर व्यक्ती ओळखू येतील असे तपशील गाळावेत आणि कुटुंबीयांविषयी बोलायचे असल्यास त्यांची आधी परवानगी घ्यावी. ‘देवाने मला असे सांगितले’ असे न म्हणता ‘या उताऱ्याच्या प्रकाशात मला असे वाटले’ असे म्हणावे, म्हणजे ऐकणाऱ्यांना ते पारखण्याचे स्वातंत्र्य उरते. गट लहान असावा, आणि एकाच्या बोधावर दुसऱ्याने लगेच उपदेश जोडू नये. पुढच्या भेटीची सुरुवात नव्या अनुभवांनी न करता, मागच्या वेळी प्रत्येकाने ठरवलेल्या कृतीची विचारपूस करून करावी. ज्याची कृती राहून गेली असेल, त्याच्याबरोबर तेथेच प्रार्थना करून तीच कृती, आवश्यक तर आणखी लहान करून, येत्या आठवड्यासाठी पुन्हा लिहून घ्यावी.